कूलंट तांबूस का झाले, कमी का होते आणि ते बदलायचे कसे

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही ती जुनी म्हणून घेतली, नंतर तिला सीएनजी किट बसवले आणि आजवर ती 82,000 किलोमीटर चालली आहे. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी दर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या खुणेखाली जाते आणि तुम्ही घरच्या आरओचे पाणी घालून ती भरून काढता. मुळात हिरवे असलेले कूलंट आता चहासारखे तांबूस दिसते. मे महिन्यात मुंबईहून सोलापूरला परतताना खंडाळ्याच्या घाटात तापमानाचा काटा वर चढला आणि एसी बंद केल्यावर खाली आला. गॅरेजमध्ये तुम्हाला रेडिएटर (कूलंट गार करणारी जाळी) फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, नवे कूलंट घालण्याचा आणि थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. आता हिरवे घ्यावे की गुलाबी, फ्लशची खरोखर गरज आहे का आणि हे काम घरी करता येईल का, असे तुम्ही विचारता.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. परंतु त्यांच्याआधी येणारा एक प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, तो म्हणजे हे पाणी जाते कुठे? कूलंट हे पेट्रोलसारखे खर्च होणारे द्रव्य नाही. ते बंद चक्रात फिरते, आणि सुस्थितीतल्या गाडीत वर्षभरानेही त्याची पातळी जेमतेम बोटभर उतरते. गार आणि गरम इंजिनातला फरक मात्र असतोच. पाच लिटर कूलंट 25 अंशांवरून 95 अंशांवर गेले की साधारण पाव लिटरने फुगते, म्हणून पातळी नेहमी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी आणि सपाट जागेवर पाहावी. तशी पाहूनही ती दोन-तीन आठवड्यांत उतरत असेल, तर गळती आहे असेच धरून चालावे. ती न शोधता कूलंट बदलणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

नंतर सीएनजी किट बसवलेल्या गाडीत मी पहिल्यांदा रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, पाहतो. टाकीतला गॅस साधारण 200 बार दाबाखाली असतो आणि रिड्यूसरमध्ये तो दाब एकदम उतरताना कडाक्याची थंडी निर्माण होते. रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनातले गरम कूलंट त्याच्याभोवती फिरवलेले असते. त्यासाठी किट बसवणारा हीटरचा होसपाइप कापून मध्ये टी-जोड घालतो. मूळ पाइपाला कंपनीची स्प्रिंगची क्लिप असते आणि या नव्या जोडांना बहुधा बाजारातली स्क्रूची पट्टी असते. काही हजार किलोमीटरनंतर रबर दबते, पट्टी सैल पडते आणि इंजिन गरम असताना तिथून थेंब थेंब झिरपू लागते. इंजिन गरम असल्यामुळे तो थेंब जमिनीवर पडण्याआधीच वाळतो, त्यामुळे पार्किंगमध्ये डाग दिसत नाही. जोडाजवळ पांढुरका किंवा हिरवट खरखरीत थर मात्र साचलेला असतो. टॉर्च घेऊन तो शोधा. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे.

तिथे काही नसेल तर वॉटर पंप, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजांत ज्याला वॉटर बॉडी म्हणतात तो भाग, पाहावा. त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावे, अशी ती योजना आहे. या छिद्राखाली वाळलेला ओघळ दिसला तर पंपाचे दिवस भरत आले आहेत. छिद्र बुजवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, जरी एका गाडीत ते एम-सीलने बुजवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. रेडिएटरच्या वरच्या किंवा बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला दुमडून बसवलेल्या असतात, ती शिवणही दहा वर्षांच्या आसपास झिरपू लागते. पुढच्या सीटसमोरचे पायपुसणे ओले होत असेल, काचेवर आतून तेलकट धूर बसत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर डॅशबोर्डमागची हीटरची जाळी गळते आहे. एसीचे पाणीही कधीकधी तिथेच येते; ते निव्वळ पाणी असते, कूलंट बोटांना चिकट लागते. चव घेऊन खात्री करून घेण्याची काही जुन्या मंडळींची सवय मात्र कृपया उचलू नका. त्याचे कारण पुढे येईल.

डोळ्यांना काही सापडले नाही तर गॅरेजमधून दाब-चाचणी करून घ्या. गार इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहतात. दाब उतरला आणि बाहेर कुठेही थेंब दिसला नाही, तर पाणी आत, सिलिंडरात जात असण्याची शक्यता असते. तसे असेल तर सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो, बाटलीत सतत बुडबुडे येतात, गाडी सुरू करून मिनिटभर होते न होते तोच वरचा होसपाइप दगडासारखा कडक होतो आणि कधी ऑइलच्या पट्टीवर दुधाळ साय दिसते. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचा भाग (हेड) यांच्यामधले सील, फुटले आहे का याची खात्री करण्यासाठी निळ्या रंगाच्या रसायनाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा त्या रसायनातून ओढतात. तिच्यात जळालेल्या वायूंचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी न करता कोणी हेड उघडायला सांगत असेल तर नम्रपणे दुसरीकडे जावे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे झाकण. ते केवळ बूच नसून त्यात दोन झडपा असतात. एक झडप ठरावीक दाबापर्यंत, बहुतेक गाड्यांत 0.9 किंवा 1.1 बारपर्यंत, चक्र बंद ठेवते. दुसरी इंजिन गार होताना बाटलीतले कूलंट परत आत ओढू देते. हा दाब कशासाठी, हे समजले की निम्मी शीतकरण व्यवस्था समजली. उघड्यावर पाणी 100 अंशांना उकळते, सोलापूरच्या उंचीवर त्याहूनही दीड-एक अंश आधी, परंतु 1.1 बारच्या झाकणाखाली तेच पाणी साधारण 121 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे ग्लायकॉल (कूलंटमध्ये पाण्याबरोबर असणारे मुख्य रसायन) असलेले कूलंट 130 च्या आसपास जाते. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर ही सगळी शिल्लक हातची जाते, घाटात कूलंट उकळते आणि बाटलीतून बाहेर पडते. जुन्या गाडीत पहिल्यांदा नवे झाकण बसवावे, आणि तेही त्याच आकड्याचे. ‘जास्त बारचे जास्त चांगले’ म्हणून वरच्या आकड्याचे बसवल्यास कमजोर होसपाइप फुटतो.

आता रंगाकडे वळू. तांबूसपणा हा बहुतांशी गंज आहे. इंजिनाचे हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे असले तरी चक्रात लोखंड असतेच. वॉटर पंपाचा पंखा, इंजिनामागून जाणारा पत्र्याचा पाइप, आणि बीडाचा ब्लॉक असेल तर तो, या सगळ्यांवर गंजरोधक रसायनांचे पातळ कवच असते. ती रसायने कालांतराने खर्च होतात. ग्लायकॉल स्वतःही उष्णतेने आणि हवेच्या संपर्काने हळूहळू आम्लांत बदलते, आणि त्या आम्लांना मारण्यातही रोधक खर्ची पडतात. यात तुमच्या गाडीत एक भर पडली आहे. गळतीतून कूलंट बाहेर गेले आणि त्याच्या जागी पाणी आले, तीन वर्षांत बहुधा पन्नासेक वेळा. मुळात निम्मे ग्लायकॉल होते असे धरले, तरी आता किती उरले असेल याचा अंदाज तुम्हीच करा. तुमच्या बाटलीत सध्या कूलंट नाही. रंगीत पाणी आहे.

आरओचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा निश्चित चांगले, पण ते शुद्ध नव्हे. घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय बहुधा असते, त्यामुळे क्षार उरतातच. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तापलेल्या धातूवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात, जसे ते गीझरच्या कॉइलवर बसतात. हा थर ॲल्युमिनियमच्या मानाने सुमारे शंभरपटीने कमी उष्णता वाहतो, आणि तो नेमका हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, म्हणजे जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथेच साचतो. क्लोराइडचे काम त्याहून वाईट. ॲल्युमिनियमवर नैसर्गिकपणे बनलेला ऑक्साइडचा पापुद्रा ते फोडतात आणि रेडिएटरच्या नळीला सुईच्या टोकाएवढी भोके पाडतात. म्हणून पाणी घालायचेच असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, म्हणजे बॅटरीसाठी विकतात ते. लेबल मात्र नीट वाचा, कारण बॅटरीचे ॲसिडही तशाच दिसणाऱ्या कॅनमध्ये त्याच फळीवर ठेवलेले असते. घरच्या एसीतून टपकणारे पाणी चालेल का, असे मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारते. ते क्षारविरहित असते हे खरे, पण कॉइलवरची धूळ, बुरशी आणि तांब्याचे अंश घेऊन येते, तेव्हा ते झाडांना घालावे.

हिरवे की गुलाबी, या प्रश्नाचे उत्तर असे की रंग हा केवळ रंग आहे. ग्लायकॉल मुळात रंगहीन असते; रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते आणि त्यासाठी कोणताही सर्वमान्य नियम नाही. फरक असतो तो रोधकांचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे अकार्बनी क्षार असतात. ते धातूवर चटकन कवच धरतात आणि लवकर, साधारण दोन वर्षांत, संपतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेले कूलंट जिथे गंज सुरू होईल तिथेच काम करते, म्हणून ते पाच वर्षे आणि काही वेळा त्याहून अधिक टिकते. जपानी आणि कोरियन कंपन्या सहसा सेंद्रिय आम्लांसोबत फॉस्फेट वापरतात, तर युरोपीय कंपन्या सिलिकेट वापरतात. दोन जाती मिसळल्या तर स्फोट होत नाही. पण रोधकांचा हिशेब बिघडतो, टिकाऊपणा कमी टिकणाऱ्या जातीवर येतो आणि काही जोड्यांत चिखलासारखा साका तयार होतो. तेव्हा दुकानात ‘गुलाबी द्या’ असे न म्हणता गाडीच्या पुस्तिकेत जे विनिर्देश छापले आहेत ते बाटलीच्या मागच्या लेबलवर शोधावेत. तुमच्या गाडीत आज काय आहे हे मूळ मालकालाही बहुधा ठाऊक नसेल, म्हणून तिचे कूलंटचे चक्र आतून पूर्ण धुऊन एकदाच योग्य जात भरावी आणि त्या बाटलीचा फोटो फोनमध्ये जपून ठेवावा.

प्रमाण निम्मे-निम्मे ठेवावे. महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नाही, मग इतके ग्लायकॉल कशाला, हा आक्षेप मी अनेकदा ऐकतो. निम्मे मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठते. ही सोय हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला गाडी नेणाऱ्यालाच लागेल, हे मान्य. पण रोधक ग्लायकॉलसोबतच बाटलीतून येतात, आणि साधारण एक-तृतीयांशाच्या खाली गेल्यावर ते धातूला पुरत नाहीत. उलट, निव्वळ ग्लायकॉल भरणे हेही चुकीचे आहे. उष्णता वाहण्याचे काम खरे तर पाणीच अधिक चांगले करते. ग्लायकॉल वाढवत गेल्यास द्रव दाट होतो आणि उष्णता कमी नेतो. गंमत अशी की निव्वळ ग्लायकॉल उणे 13 अंशांनाच गोठते, म्हणजे निम्म्या मिश्रणाच्या बरेच आधी.

बाजारात दोन प्रकारच्या बाटल्या मिळतात. एक तयार मिश्रण, जे तसेच ओतायचे असते. दुसरे सांद्र, ज्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचे असते. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः जी चूक केली आणि जी आजही सर्रास होताना पाहतो, ती इथलीच आहे. समजा तुमच्या गाडीची क्षमता पाच लिटर आहे. खालचा नळ उघडल्यावर पाचही लिटर बाहेर येत नाहीत. तीन येतात आणि दोन लिटर ब्लॉकमध्ये व हीटरमध्ये अडकून राहतात. चक्र पाण्याने धुतले की ते अडकलेले दोन लिटर निव्वळ पाणी असते. त्यावर तीन लिटर तयार मिश्रण ओतले, तर त्यातले ग्लायकॉल दीड लिटर, आणि दीडला पाचने भागले तर ते 30 टक्के. बाटलीवर 50 टक्के लिहिले आहे, पैसे 50 टक्क्यांचे दिले आहेत आणि इंजिनात 30 टक्के फिरते आहे. तयार मिश्रण मुळात एक-तृतीयांशाचे असेल तर हा आकडा 20 वर येतो. म्हणून धुतलेल्या गाडीत सांद्र कूलंट घ्यावे. आधी एकूण क्षमतेच्या निम्मे, म्हणजे अडीच लिटर, सांद्र ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. आतले दोन लिटर पाणी हिशेबात आपोआप येते. गाडीची नेमकी क्षमता पुस्तिकेत असते. मिश्रण जमले की नाही हे रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या, डोळ्याला लावायच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर एका थेंबात कळते. पिचकारीसारखा हायड्रोमीटरही चालतो.

काम घरी करता येते, पण त्याला पूर्ण दिवस लागतो. इंजिन रात्रभर गार झालेले असावे. गरम असताना झाकण उघडल्यास दाब एकाएकी उतरतो, शंभर अंशांहून तापलेला द्रव त्याच क्षणी उकळतो आणि थेट तोंडावर येतो. फडके धरून उघडणाऱ्यांचेही हात भाजलेले मी पाहिले आहेत. सकाळी हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवावा, रेडिएटरखाली मोठे घमेले ठेवावे, खालचा प्लॅस्टिकचा नळ हलक्या हाताने सोडावा आणि मग झाकण काढावे. नळ जुना असेल तर तो तुटतो, आणि तो वेगळा मिळेलच असे नाही. शंका असल्यास नळाला हात न लावता खालचा होसपाइप काढावा. बाटली काढून आतला गाळ ब्रशने धुवावा, कारण सगळी घाण तिथेच बसते आणि दुसऱ्या दिवशी परत चक्रात जाते. किती द्रव निघाला ते मोजून ठेवावे.

मग नळ बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरावे, इंजिन सुरू करावे आणि रेडिएटरचा फॅन लागून बंद होईपर्यंत चालू ठेवावे. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय रेडिएटरमधले पाणी इंजिनात जातच नाही, त्यामुळे दोन मिनिटे चालवून रिकामे केलेले फ्लश हे केवळ रेडिएटर विसळणे ठरते. पुन्हा गार होऊ द्यावे, रिकामे करावे आणि हेच पुन्हा करावे. पाचातले तीन लिटर दरवेळी निघत असतील तर जुन्या द्रवाचा अंश पहिल्या धुण्यानंतर 40 वरून 16 टक्क्यांवर, दुसऱ्यानंतर 6 वर आणि तिसऱ्यानंतर अडीच टक्क्यांवर येतो. तिसऱ्या वेळी निघालेले पाणी काचेच्या ग्लासात उजेडाला धरून पाहा. ते स्वच्छ असेल तर थांबा. गाडीचे कूलंट मुळात स्वच्छ आणि ओळखीचे असते आणि केवळ मुदत संपली म्हणून बदलायचे असते, तर यातले काहीही न करता जुने काढून त्याच जातीचे निम्मे-निम्मे तयार मिश्रण भरा, हफ्ताभराने पुन्हा तेच करा, असे मी सांगितले असते. दोन वेळांत 84 टक्के द्रव नवा होतो.

फ्लशच्या रसायनाबद्दल माझे मत राखीव आहे. पाणी नुसते तांबूस असेल तर त्याची गरज नाही. साका किंवा तेलकट गाळ असेल तर कूलंट-चक्रासाठीच विकले जाणारे सौम्य रसायन वापरावे आणि नंतर दुप्पट वेळा धुवावे. जुन्या गाडीत एक धोका असतो. रेडिएटरची काही बारीक भोके गंजानेच बुजलेली असतात आणि ती यानंतर उघडी पडतात. तशी ती पडणारच होती, पण दोष मेकॅनिकच्या माथी येतो. संडास साफ करायचे ॲसिड रेडिएटरमध्ये ओतून ‘चकाचक’ करून देणारे लोक आहेत. हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियम अक्षरशः खाते. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरवर कदाचित हे खपून जात असेल, आजच्या गाडीवर नाही. रस्त्यात गळती थांबवण्यासाठी हळद टाकण्याची युक्तीही तुम्हाला कोणी सांगेल. आडरानात तिने लोकांना घरी पोहोचवले आहे, हे मी नाकारत नाही. पण तीच हळद पुढे हीटरच्या जाळीत आणि रिड्यूसरच्या वाटेत जाऊन बसते आणि ती काढताना नाकी नऊ येतात.

भरताना हवा अडकू न देणे हा या कामातला खरा कौशल्याचा भाग आहे. कूलंट अगदी सावकाश, बारीक धारेने ओतावे. शक्य असल्यास गाडीचे नाक चढावर ठेवावे, म्हणजे भरण्याचे तोंड सर्वांत उंच येते. काही इंजिनांवर हवा सोडण्याचा स्क्रू असतो. त्यातून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद करावा. तुमच्या गाडीत रिड्यूसर वर बसवलेला असेल तर त्याच्या पाइपात हवा हमखास अडकते. भरताना ते दोन्ही पाइप हाताने दाबून सोडत राहा. झाकण उघडे ठेवून इंजिन चालवा, पातळी खाली जाईल तशी भरत जा, आणि मिश्रण फुगून तोंडाशी येऊ लागले की झाकण लावा. फॅन दोनदा लागून बंद व्हावा, हीटरमधून सलग गरम हवा यावी आणि दोन्ही होसपाइप गरम लागावेत, एवढे झाले की काम बरोबर झाले. हीटरची हवा मधूनच गार होत असेल तर आत अजून बुडबुडा आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मात्र सरळ नाकारा. हा भाग साधारण 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडू लागतो आणि तोपर्यंत इंजिनाला लवकर तापू देतो. तो नसेल तर इंजिन कायम अर्धवट गार राहते, कॉम्प्युटर जास्त इंधन सोडतो, सिलिंडर जास्त झिजतात आणि ऑइलमध्ये ओल साठते. शिवाय अनेक इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करतो. तो काढला तर बरेचसे कूलंट रेडिएटरला न जाता त्या आडवाटेनेच फिरत राहते आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. तो बिघडला असेल तर नवा बसवावा. जुना दोऱ्याने टांगून तापत्या पाण्यात बुडवा आणि त्यावर कोरलेल्या अंशांना तो उघडतो का ते पाहा. ही परीक्षा स्वयंपाकघरातही होते, फक्त भांडे त्यानंतर स्वयंपाकाला वापरू नये.

खंडाळ्यात काटा चढून एसी बंद केल्यावर खाली आला, यावरून व्यवस्था काठावर चालते आहे, पूर्ण कोलमडलेली नाही, असे दिसते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरते. कूलंट 105 अंशांवर आणि हवा 25 अंशांवर असेल तर फरक 80 चा. तीच हवा 45 ची झाली तर फरक 60 वर येतो, म्हणजे क्षमता चौथाईने घटते. त्यात चढ, कमी वेग, आणि रेडिएटरपुढेच बसलेल्या एसीच्या कंडेन्सरची गरम हवा, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. कूलंट बदलताना पुढची जाळी काढून कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्चने पाहा. तिथे उसाच्या रस्त्यांवरचे पाचट, किडे आणि धूळ यांची गोधडी झालेली असते. ती आतून बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपाच्या पाण्याने धुवावी. प्रेशर वॉशर जवळून मारल्यास पाती आडवी होतात. फॅन दोन्ही वेगांत चालतो का हेही तपासा.

पुन्हा कधी काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा; गैरसोय होते, पण तो एक छोटा रेडिएटरच असतो. वाफ दिसत नसेल आणि फॅन चालू असेल तर कडेला थांबून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे, वाफ दिसली तर लगेच बंद करावे. पाऊण तास झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण त्याने हेडला तडा जातो. काटा एकदम खाली पडला म्हणजे संकट टळले असेही समजू नका. पाणी इतके कमी झाले की सेन्सर कोरडा पडतो, तेव्हाही तो खालीच दाखवतो.

शेवटी, काढलेल्या कूलंटविषयी. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. पोटात गेल्यावर शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि ती बंद पडतात. सुरुवातीला माणूस केवळ दारू प्यायल्यासारखा वाटतो, म्हणून वेळ जातो. मुलाने घोटभर प्यायल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न पाहता, बाटली सोबत घेऊन, मोठ्या रुग्णालयात जावे. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. घमेले अंगणात उघडे ठेवून जेवायला जाऊ नका, कुत्री-मांजरे ते चाटतात. सांडलेल्या जागी माती टाकून ती गोळा करा आणि भरपूर पाण्याने फरशी धुवा. जुने कूलंट गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ठळक नाव लिहून, ऑइल आणि कूलंट गोळा करणाऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्यावे.

माझ्या मते तुमचा क्रम असा असावा. या आठवड्यात रिड्यूसरचे जोड पाहून पट्ट्या बदलाव्यात, नवे झाकण बसवावे आणि दाब-चाचणी करावी. गळती थांबल्याची खात्री झाली की रविवारी धुऊन सांद्र कूलंट भरावे. भरल्यावर बाटलीवर पातळीशी तारखेसह खूण करा आणि पुढचे दहा दिवस रोज सकाळी पाहा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरेल, कारण अडकलेली हवा निघते. तेवढी निम्म्या मिश्रणाने भरा, पाण्याने नव्हे. चौथ्या दिवसानंतरही ती उतरत राहिली तर निळ्या रसायनाची चाचणी करून घ्या आणि तिचा निकाल मला कळवा.